कडधान्याला आच्छादन: पाचट, पालापाचोळा की मल्चिंग पेपर?

शनिवारचा_शेतकरी (धागाकर्ता)

मंडळी, सासवडच्या अलीकडे वीस गुंठे जमीन आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम. बोअर दिवाळीपर्यंत बरं चालतं, संक्रांतीनंतर रडतखडत. यंदा रब्बीला दहा गुंठे हरभरा, पाच गुंठे घेवडा आणि बांधाच्या कडेने वाल-पावटा असा बेत आहे. राहायला कोथरूडला, त्यामुळे शेतावर फक्त शनिवार-रविवार. खुरपणी आणि पाणी दोन्ही जितकं वाचेल तितकं हवंय.

यवतकडचा एक मित्र उसाचं पाचट गाठी करून फुकट देतोय, वाहतूक तेवढी माझी. पण शेजारचे अण्णा ठामपणे सांगतात की पाचट जमिनीतलं नत्र खातं, पीक पिवळं पडतं, वर वाळवीला आमंत्रण. दुकानदार म्हणतो ते सगळं सोडा, मल्चिंग पेपर (जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) न्या. कडधान्यावर आच्छादन करून पाहिलेल्यांनी सांगा. टोमॅटो-मिरचीचे व्हिडिओ पुष्कळ पाहून झाले, हरभऱ्याबद्दल कुणी बोलतच नाही.

मृदगंध

अण्णांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं कुठलं हे कळलं की बाकीचं सोपं.

पाचटात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम. कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्या आसपास जातं. असं काड नांगरून मातीत मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतलंच नत्र उचलतात आणि पीक काही आठवडे उपाशी राहतं. अण्णांनी पिवळं पडलेलं पीक पाहिलं असेल ते असं. पण तेच पाचट वर पसरलं, तर मातीला टेकतो तो फक्त तळाचा पातळ थर. कुजणं सावकाश होतं आणि नत्राची ओढही तेवढ्यापुरतीच राहते. थोडक्यात, वर ठेवायचं, आत गाडायचं नाही.

दुसरं म्हणजे तुमचं पीक हरभरा आहे. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतलं नत्र बांधून देतात. मातीत तयार नायट्रेट मुबलक असेल तर झाड गाठी करायच्या भानगडीतच पडत नाही, कारण गाठी पोसायला झाडाला स्वतःची साखर खर्चावी लागते. म्हणजे नत्राची थोडी तंगी हरभऱ्याच्या पथ्यावरच पडते. शिफारसही त्याच हिशेबाची आहे: हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद. ते २५ किलो फक्त गाठी कामाला लागेपर्यंतची शिदोरी.

गाठींना खरा मार बसतो तो ओल तुटल्याने आणि माती तापल्याने. तुमच्यासारख्या वीतभर मातीत दोन्ही लवकर होतं. आच्छादन नेमकं तिथे उपयोगी पडतं. तण कमी होणं हा वरचा फायदा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. घेवडा म्हणजे राजम्याच्या जातीचं पीक, आणि ते गाठी करण्यात कडधान्यांमध्ये सगळ्यात आळशी. त्याला बाहेरून नत्र द्यावंच लागतं, हरभऱ्याच्या हिशेबाने चालणार नाही. त्या पाच गुंठ्यांत चांगलं कुजलेलं शेणखत आधी घाला, मगच वर काही पसरा.

सातवा_मजला

शेती नाही, गच्ची आहे (वारजे). चवळी, गवार, वाल आणि थंडीत मटार असं कुंड्यांमध्ये लावते. मृदगंध सर म्हणतात ते माती तापण्याचं गच्चीवर तर फारच. एप्रिलमध्ये दुपारी उघड्या कुंडीत बोट घातलं तर चटका बसतो. पाल्याखालच्या कुंडीत बोट आरामात राहतं. उन्हाळी चवळी त्याच्याच जोरावर येते.

सोसायटीतला पाला वापरते. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यात उत्तम, चुरडायलाही लागत नाहीत. देशी बदामाची मोठी पानं तशीच घालू नका, एकावर एक चिकटून पापुद्रा होतो आणि पाणी वरूनच वाहून जातं. गोणीत भरून पायाने तुडवली की काम होतं. निलगिरीचा पाला मी घेत नाही, त्याने इतर रोपांची वाढ खुंटते.

पाला कमी पडला तर पुण्यात 'ब्राउन लीफ' म्हणून उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना हवाय त्यांची गाठ घालून देतात. २०१६ मध्ये हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजारांचा दंड लावला, तरी आमच्या रस्त्यावर जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी धूर असतोच. ते असो.

उगाच_एक

वेताळ टेकडीवर उंदीरमारीचा पाला ढिगाने पडलेला असतो. दोन गोण्या आणल्या की वर्षाची सोय. टेकडीला काय कमी पडणार आहे?

सातवा_मजला

@उगाच_एक, टेकडीला तोच पाला लागतो. तिथली माती आधीच बोटभर, पाला उचलला की उरतो खडक. शिवाय जागा वनखात्याची. नका आणू.

मृदगंध

+१. शनिवारच्या शेतकऱ्यांना बांध आहे ना, तिथेच उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्पाच्या फांद्या खोचा. पावसाळ्याच्या तोंडाला लावल्या की बिनबोभाट जगतात. ती स्वतः शेंगवर्गातली, पाल्यात नत्र अडीच-तीन टक्क्यांपर्यंत असतं. पाचट महिनोन्‌महिने टिकतं, हा पाला काही आठवड्यांत विरघळतो. म्हणून ओल धरायला पाचट आणि खत म्हणून गिरिपुष्प, दोन्हींचं काम वेगळं. तुमच्या घेवड्याला दुसरं जास्त उपयोगी.

भीमाकाठ

दौंड तालुक्यातला शेतकरी. ऊस, मधे हरभरा, उन्हाळ्यात भुईमूग. सरांचं पटलं, आता हातापायाचं सांगतो.

अख्खं पाचट हरभऱ्यात घालायला जाऊ नका. ओळींत अंतर एक फूट, पाचटाचं पान चार-चार फूट, आणि कडा अशा की हात चिरतात. पसरताना निम्मी रोपं आडवी होतात. कडबाकुट्टीतून काढून बोटभर तुकडे करा. मग ओळीत टोपलीने सोडता येतं.

किती लागेल? कोरडवाहूला हेक्टरी पाच टन धरतात. दहा गुंठ्यांना अर्धा टन. गाठ वीस-पंचवीस किलोची असेल तर वीस-पंचवीस गाठी. उसाच्या एका हेक्टरातून आठ-दहा टन पाचट निघतं, त्यामुळे मित्राला जड जाणार नाही. त्याचंही जाळणं वाचेल.

कधी घालायचं? पेरताना नाही. आधी हरभरा उगवू द्या, पंधरा-वीस दिवसांत एक खुरपणी करा, मातीत ओल असताना घाला. कोरड्या मातीवर घातलं तर कोरडेपणाच झाकला जातो, आणि पुढे हलका पाऊस आला तर तोही पाचटच पिऊन टाकतं. खोडाभोवती चार बोटं जागा उघडी सोडा. हे विसरू नका, खोडाला ओलं काड टेकलं की मानकूज (बुंध्याशी कुजून रोप मरतं तो रोग) ठरलेली.

आता एक गोष्ट कुणी सांगत नाही. आमचे वडील हरभऱ्यात कधी पाचट घालत नसत, कारण ते कोळपं फिरवत. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' ही म्हण उगाच नाही. वरची दोन बोटं माती भुसभुशीत झाली की खालची ओल वर चढायची वाट तुटते, भेगा बुजतात. तेही आच्छादनच, फक्त मातीचं. पाचट घातलं की कोळपं बंद. ज्याच्याकडे बैल आणि वेळ आहे आणि जमीन काळी भारी आहे, त्याने कोळपणीच करावी असं माझं मत. तुमच्याकडे बैलही नाहीत नि सोमवार ते शुक्रवारही नाही, तुम्ही पाचट घाला.

उगाच_एक

'सोमवार ते शुक्रवारही नाही' 😂 हिंजवडीतल्या समस्त शेतकऱ्यांच्या वतीने निषेध.

जुन्नरी_शेंग

मी घेवडा पेपरवर घेतो, नारायणगाव भागात. त्यामुळे त्या बाजूचं सांगतो.

गादीवाफा, खाली ठिबकची नळी, वर २५ मायक्रॉनचा चंदेरी-काळा पेपर, चंदेरी बाजू वर. काळ्या बाजूमुळे तण उगवत नाही आणि चंदेरी बाजूच्या चकाकीने मावा, पांढरी माशी, फुलकिडे बिचकतात. घेवड्याला, मुगाला हे फार मोलाचं, कारण विषाणूरोग हीच मंडळी पसरवतात. पण लव्हाळा मात्र पेपरालाही जुमानत नाही, सुईसारखा भोक पाडून वर येतो. लव्हाळ्याचं रान असेल तर आधी गाठी वेचा.

हरभऱ्याला पेपर परवडत नाही. दोन रोपांत दहा सेंटीमीटर अंतर म्हणजे भोकं पाडून पाडून पेपराची चाळणी, आणि दाण्याच्या भावात त्याचा खर्च निघत नाही. तुमच्या पाच गुंठे घेवड्याला चालेल. पण नंतर तो गोळा करायची तयारी ठेवा. उन्हाने कडक झालेला पेपर ओढताना तुकडे होतात आणि ते पुढची कित्येक वर्षं नांगराबरोबर वर येत राहतात. आमच्या गावात लोक बांधावर पेटवून देतात, तो वास विचारू नका.

घेताना रोल तोलून घ्या. एका दुकानदाराने मला २५ मायक्रॉन सांगून पातळ माल दिला होता. चार फुटी, चारशे मीटरचा २५ मायक्रॉनचा रोल साधारण अकरा किलो भरतो. नऊ किलोच भरला तर तो वीसचा. नळकांडं वजा करायचं.

शनिवारचा_शेतकरी

वा, खूप मिळालं. @जुन्नरी_शेंग, भुईमुगाला पारदर्शक कागद वापरलेला पाहिलाय बारामतीच्या बाजूला. तो वेगळा का? आणि आऱ्या (ज्यांच्या टोकाला जमिनीत शेंगा धरतात त्या) कागदातून जमिनीत जातात कशा?

भीमाकाठ

ते मी सांगतो, माझं पीक आहे. तो कागद ७ मायक्रॉनचा असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. फुलं गळली की आरी खाली उतरते, तिचं टोक अणकुचीदार असतं, ती कागद टोचून सरळ मातीत घुसते. २५ मायक्रॉनचा टाकला तर आरी वरच लोंबकळत सुकते. उन्हाळी भुईमूग जानेवारीच्या मध्यापासून पेरायचा, तेव्हा आमच्याकडे पहाटे थंडी असते आणि उगवण रेंगाळते. पारदर्शक कागदाखाली माती तापते, बी लवकर वर येतं. कागद काळा नाही म्हणून तणही खुशाल वाढतं, त्यासाठी अंथरण्याआधी तणनाशक मारावं लागतं. ते ज्यांना नको त्यांनी या वाटेला जाऊ नये.

मृदगंध

म्हणजे पहा, भुईमुगाला माती तापवायची आहे आणि उन्हाळी चवळीला निववायची आहे. 'आच्छादन चांगलं की वाईट' या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या रंगाचं, हे आधी विचारायचं.

हे शास्त्र पुण्यात जुनं आहे. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाला. तो उभा करणारे एल. ए. रामदास यांनी त्या दशकात जमिनीलगतच्या हवेचं आणि मातीचं तापमान बोटाबोटाच्या अंतरावर मोजलं. काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला की खालची माती कितीतरी थंड राहते, हेही त्यांनी इथेच मोजून दाखवलं. वाळलेलं पाचट पांढुरकं असतं, ऊन परतवतं, आणि वर त्यात अडकलेली हवा उष्णता खाली जाऊ देत नाही. काळा कागद यातलं पहिलं काम करत नाही.

ताम्हिणी_अलीकडे

सगळं वाचून जरा काळजी वाटली म्हणून लिहिते. आम्ही मुळशीत. खरिपात उडीद-मुगाला भाताच्या पेंढ्याचं आच्छादन घातलं आणि गोगलगायींनी मेजवानी झोडली. दिवसा पेंढ्याखाली झोपायच्या, रात्री कोवळी रोपं सपाट. पेंढा उचलला तर खाली अंड्यांचे साबुदाण्यासारखे पुंजके.

भीमाकाठ

ताई, मुळशीच्या पावसात जमिनीला ओल कमी पडतेच कुठे? तिथे पावसाळ्यात झाकणं म्हणजे तहान नसलेल्याला पाणी. आमच्याकडे आणि खाली इंदापूर-बारामतीला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही ऑगस्टमध्ये दडी मारतो. तिथे तुरीच्या दोन ओळींत आच्छादन घातलं तर तूर तग धरते. एकाच जिल्ह्यात इतका फरक.

गोगलगायींना: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाला टाका. सकाळी उन्हं चढायच्या आत त्याखाली जमलेल्या वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला. अंडी दिसली की नष्ट करा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा. मीठ शेतात फेकू नका, जमीन बिघडते.

मृदगंध

मुळशीकर ताईंनी भात कापल्यावर वाल-पावटा-हरभऱ्याला तोच पेंढा घालून पाहावा. पाऊस सरलेला, ओल उतरणीला लागलेली, गोगलगायी जमिनीत दडलेल्या. तेव्हा पेंढ्याची किंमत कळेल.

@शनिवारचा_शेतकरी, बियाण्याचं राहिलं. मानकूज आणि मर (उभं झाड सुकून जातं तो रोग) या दोन्हींची भीती हरभऱ्यात असते, आणि आच्छादनाखाली ओल टिकते म्हणून पहिल्याची जरा जास्त. मरीला दाद न देणारं वाण घ्या, 'विजय' किंवा 'दिग्विजय' आपल्याकडे पुष्कळ वर्षं चाललेत. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) किलोला पाच ग्रॅम, मग रायझोबियम दहा किलोला २५० ग्रॅम. सावलीत सुकवून लगेच पेरा. पाकीट घेताना हरभऱ्याचंच रायझोबियम मागा. मूग-चवळीचं वेगळं असतं, ते हरभऱ्यावर गाठी करत नाही.

फुलोऱ्यात आल्यावर एक झाड खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, उपटलं की गाठी तुटून जमिनीतच राहतात. बादलीत हलकेच धुवा. मुख्य मुळाच्या वरच्या भागावर जाड, ओबडधोबड गाठी दिसतील. एक नखाने चिरा. आत मांसासारखी लालसर-गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर ती भरलेलीच नाही, हिरवट-तपकिरी असेल तर संपली. पाचटाखालचं एक आणि उघड्या पट्ट्यातलं एक अशी दोन झाडं काढून शेजारी ठेवा, अण्णांनाही दाखवा. त्यासाठी दोन-तीन ओळी मुद्दाम उघड्या सोडा.

जुन्नरी_शेंग

एक भर. पाचट घातल्यावर पाणी ठरल्या वारी देऊ नका. हरभऱ्याला फार पाणी झालं की तो उभळतो, नुसता पाला माजतो, घाटे कमी. तुमच्या हलक्या जमिनीला एरवी फांद्या फुटताना, फुलोऱ्याआधी आणि घाटे भरताना अशी तीन पाणी लागतात. आच्छादनाखाली त्यातलं एक बहुतेक वाचेल. पाचट बाजूला सारून वीतभर खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर बोअर चालू करू नका.

उगाच_एक

आणि साप? शनिवारी पाचटात हात घालायचा तर आधी विचारावंसं वाटतं.

भीमाकाठ

रास्त प्रश्न. पाचट आलं की उंदीर येतो, उंदरामागे घोणस. बोटभर कुट्टीच्या पातळ थरात ती लपत नाही, बांधाला रचून ठेवलेल्या गाठींत लपते. म्हणून गाठी आणून महिनाभर साठवू नका, आणाल त्याच आठवड्यात पसरा. गमबूट घाला, गाठ हाताने नाही तर काठीने उलटवा. विडी-काडी लांब.

वाळवीचं म्हणाल तर ती सुकं काड खाते, ओल्या जित्या रोपावर सहसा जात नाही. पण मुरमाड जमिनीत ताण पडला की मुळाला लागते. वारूळ असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा.

शनिवारचा_शेतकरी

ठरलं. हरभऱ्याला पाचटाची कुट्टी, तीन ओळी उघड्या. घेवड्याला पेपर नको, गोळा करायला माणूस मिळणार नाही. शेणखत आणि मिळेल तेवढा गिरिपुष्पाचा पाला. अण्णांना धागा वाचून दाखवला. 'वर ठेवणार असशील तर ठेव, पण पिवळं पडलं तर मी सांगितलं होतं,' असं म्हणाले. काढणीनंतर उरलेल्या पाचटाचं काय करायचं? आणि कुट्टी मित्राकडेच करून आणू की इथे?

मृदगंध

हरभरा उपटून काढू नका, विळ्याने जमिनीलगत कापा. मुळं आणि गाठी जागच्या जागी राहू देत. उरलेलं पाचटही तिथेच राहू द्या, एप्रिल-मेचं ऊन त्यावर पडेल. पुढच्या खरिपापर्यंत बरंच मोडलेलं असेल. तेव्हा थोडं मातीत गेलं तरी बिघडत नाही, फक्त तिथे लगेच ज्वारी-बाजरी घेणार असाल तर नत्र जरा वाढवा.

भीमाकाठ

गाठीच आणा, कुट्टी शेतावर करा. सासवडला भाड्याने यंत्र मिळेल. कुट्टी करून आणलीत तर भुलेश्वरच्या घाटात वारा लागला की अर्धी रस्त्यालाच आच्छादन. गाठींवरही जाळी बांधा.